बर्नआउटचे मूळ शोधण्याची रीत : समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञांसाठी

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील माणूस थकला, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो रजा घेण्याचा. चार दिवस कोकणात जाऊन या, मोबाइल बंद ठेवा, प्राणायाम करा, असे सांगणारे सहकारी मनापासूनच सांगत असतात. परंतु रजेवरून परतलेला माणूस सोमवारच्या ओपीडीत बसतो आणि बुधवारपर्यंत पुन्हा होता तसाच होतो. रजेने थकवा उतरतो, थकव्याचे कारण मात्र जागच्या जागी राहते. शिवाय ही कारणे एकसारखी नसतात. रुग्णसंख्येने दबलेल्या मनोविकारतज्ज्ञाला सहकाऱ्यांच्या गटाचा आधार पुरत नाही, आणि तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकाचे रुग्ण निम्मे केले तरी त्याचा एकटेपणा निम्मा होत नाही. म्हणून आधी कारण निश्चित करावे आणि मगच उपाय निवडावा, हा क्रम या लेखात धरला आहे.

आधी खातरजमा

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांचा उत्साह हळूहळू कसा आटतो, हे त्याने स्वतः तेथे काम करताना पाहिले होते. म्हणजे या विषयाचा अभ्यास सुरू झाला तोच आपल्यासारख्यांवरून. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारी अलिप्तता आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, असे तीन घटक तिने वेगळे केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून निर्माण होणारी, कामाशी निगडित स्थिती, अशी त्याची नोंद तेथे आहे. हा भेद केवळ तांत्रिक नाही. आजार म्हटला की शोध व्यक्तीच्या आत सुरू होतो. कामाशी निगडित स्थिती म्हटली की कामाची तपासणी करावी लागते.

तीन घटकांपैकी थकवा लगेच कळतो. अलिप्तता मात्र आपल्या व्यवसायात फार सफाईने लपते, कारण तिला व्यावसायिक तटस्थतेचा पोशाख सहज चढवता येतो. ती ओळखायची असेल, तर स्वतःचे केस पेपर काढून पाहावेत. वर्षभरापूर्वीच्या नोंदीत रुग्णाचे स्वतःचे शब्द अवतरणचिन्हांत लिहिलेले असतात, सुनेशी झालेल्या भांडणाचा, शेतावरच्या कर्जाचा उल्लेख असतो. आणि अलीकडच्या नोंदीत ‘पूर्वीचेच चालू’ किंवा ‘सीएसटी’ (त्याच अर्थाचे इंग्रजी लघुरूप) एवढेच दिसते. त्याचबरोबर बोलण्यात माणसाच्या नावाऐवजी निदान येऊ लागते. ‘ती बॉर्डरलाइन आज पुन्हा आली आहे’ (बॉर्डरलाइन हे एका व्यक्तिमत्त्व विकाराचे नाव) असे वाक्य चहाच्या वेळी सहज तोंडून जाऊ लागले आणि त्यावर सगळे हसू लागले, तर ती केवळ थट्टा समजू नये.

मात्र प्रत्येक थकवा हा बर्नआउट नसतो. रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२, आधी करून घ्यावी. इतरांना हा सल्ला रोज देणारे लोक स्वतःच्या बाबतीत तो हमखास टाळतात. झोपेचा हिशेब पाहावा. सुट्टीच्या दिवशीही, घरच्या माणसांतही कशातच गोडी वाटत नसेल, अकारण अपराधी वाटत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर नैराश्याची रीतसर तपासणी दुसऱ्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी. ते निदान स्वतःचे स्वतः करू नये.

दोन आठवड्यांची नोंद

आपण कशाने थकतो याविषयीचा आपला अंदाज बहुधा चुकतो, म्हणून नोंद ठेवणे आवश्यक आहे. साधी वही पुरेशी आहे. दिवसातील प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, कामाचा प्रकार, ते काम आपल्याकडे कोणाच्या निर्णयाने आले, आणि ते संपल्यानंतर अर्ध्या तासाने मनावर किती ओझे उरले. ओझ्यासाठी शून्य ते तीन असे अंक वापरावेत. रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील या वहीत कोठेही येऊ नये, कारण ती वही टेबलावर राहणारच आहे.

उदाहरणादाखल, जिल्हा रुग्णालयातील एखाद्या मानसशास्त्रज्ञाच्या बुधवारची कल्पना करू. सकाळी दिव्यांग बोर्डाच्या बुद्ध्यांक चाचण्या झाल्या, ओझे एक. मग दारू सोडू पाहणाऱ्या रुग्णाच्या पत्नीशी पाऊण तास बोलणे झाले. ती रडली, नवऱ्यावर चिडली, शेवटी पुढच्या वेळी मुलालाही घेऊन येते म्हणाली. ओझे शून्य. दुपारी स्वतःला इजा करून घेतलेल्या मुलीची भेट झाली, ओझे दोन. आणि साडेचार वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप आला, की मासिक अहवालाचा नमुना बदलला असून मागील तीन महिन्यांचे आकडे नव्या नमुन्यात आज सहा वाजेपर्यंत पाठवावेत. ओझे तीन. हा मानसशास्त्रज्ञ घरी गेल्यावर ‘रुग्णांनी अगदी पिळून काढले’ असे म्हणण्याची शक्यता मोठी आहे. वही तसे म्हणत नाही.

दोन आठवडे झाल्यावर ‘तीन’ अंकाच्या सर्व नोंदींखाली रेघ ओढावी आणि त्यांत काय समान आहे ते पाहावे. येथे मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ मध्ये मांडलेली सहा क्षेत्रे हाताशी ठेवावीत: कामाचा भार, कामावरील स्वतःचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. सहाही क्षेत्रे बिघडलेली असल्याचे क्वचितच आढळते. बहुतेकांच्या वहीत एक किंवा दोन क्षेत्रेच पुनःपुन्हा येतात, आणि तेवढे कळले तरी पुढचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो.

भार : संख्या आणि मिश्रण

भारतात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण एकाहूनही कमी, सुमारे ०.७५ इतके सांगितले जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के आढळले होते. या आकड्यांचा आपल्या थकव्याशी संबंध असा, की आपल्या मागे दुसरा कोणी उभा नाही. इतर शाखेतील डॉक्टर ‘उद्या या’ म्हणतो तेव्हा रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो. आपण नाही म्हटले तर तो बहुधा कोठेच जात नाही, किंवा मांत्रिकाकडे जातो. नकार देण्याचे हे अपराधीपण भाराचाच एक भाग आहे, आणि ते वेळापत्रकात दिसत नाही.

संख्या कमी करणे हातात नसते, असे सरकारी रुग्णालयातील बहुतेकजण म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण दिवसाचे मिश्रण बदलणे पुष्कळदा हातात असते. मानसिक आघाताच्या (ट्रॉमा) दोन भेटी लागोपाठ ठेवू नयेत. मध्ये एखादी चाचणी किंवा स्थिर रुग्णाचा फॉलोअप ठेवावा. दर तीन भेटींनंतर दहा मिनिटे नोंदींसाठी राखावीत, म्हणजे सगळ्या नोंदी संध्याकाळी स्मरणातून लिहिण्याची वेळ येत नाही. तातडीच्या रुग्णांसाठी रोजचा एक तास आधीच मोकळा सोडावा. तातडीचे रुग्ण येणारच असतात. तो तास नसला, तर त्यांना दिलेला वेळ जेवणाच्या वेळेतून जातो.

खासगी व्यवसाय करणाऱ्यांचा भार निराळ्या वाटेने येतो. ऑनलाइन भेटी सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईतील अनेक समुपदेशक अमेरिकेतील आणि युरोपातील मराठी कुटुंबांशी बोलतात, आणि न्यू जर्सीतील संध्याकाळ म्हणजे आपली पहाट असते. अशा भेटी आठवड्यातून ठराविक दोनच दिवशी ठेवाव्यात आणि त्या दिवशी संध्याकाळचे काम घेऊ नये. संदेशांच्या बाबतीत पहिल्याच भेटीत लेखी कळवणे उत्तम: ‘भेटीची वेळ बदलण्यासाठी आपण संदेश पाठवू शकता, मी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत उत्तर देते. संदेशांवरून समुपदेशन होत नाही. तातडीच्या वेळी जवळच्या रुग्णालयात जावे, आणि भारतात असल्यास टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही फोन करता येईल.’ हा मजकूर कोरडा वाटतो, परंतु रात्री साडेअकराला आलेल्या ‘ताई, जागी आहेस का?’ या संदेशाला उत्तर द्यायचे की नाही, हा निर्णय दर वेळी नव्याने घेण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. लग्नकार्यात कोपऱ्यात गाठून ‘याच्याशी जरा बोलून बघ ना’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी मात्र असा मजकूर चालत नाही. त्यांच्यासाठी विश्वासातील दुसऱ्या समुपदेशकाचा क्रमांक तोंडपाठ ठेवावा आणि तो तेथेच द्यावा.

काम कोणाचे, हे ठरलेले नसणे

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाणारे आणि सर्वांत जास्त झिजवणारे कारण हे आहे. शाळेतील समुपदेशकाला शिक्षक रजेवर असताना वर्गावर पाठवले जाते, कारण ‘तुम्हाला कुठे तास असतात?’ सरकारी कार्यक्रमातील समुपदेशक साथीच्या काळात सर्वेक्षणाला जातो. संस्थेतील सामाजिक कार्यकर्ती घरभेटी करते, अनुदानाचे प्रस्ताव लिहिते आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांची व्यवस्थाही पाहते. प्रत्येक काम सुटे पाहिले तर क्षुल्लक आहे. परंतु ज्या कामासाठी शिक्षण घेतले ते उरलेल्या वेळात करायचे, हा संदेश त्यांतून रोज मिळत राहतो.

यावर उपाय तक्रारीचा नव्हे, कागदाचा आहे. नोंदवहीवरून एका पानाचे टिपण करावे: दोन आठवड्यांत किती तास समुपदेशनाला गेले, किती अहवालांना आणि किती नेमून न दिलेल्या कामांना. शेवटी एकच मागणी लिहावी, दोन नव्हेत. ‘कामाचा ताण फार आहे’ या वाक्यावर मुख्याध्यापक किंवा अधीक्षक सहानुभूतीने मान हलवतात आणि विषय संपतो. ‘मंगळवारी व गुरुवारी सकाळी दहा ते एक या वेळेत मला वर्गावर पाठवू नये’ या वाक्याला हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते.

मोबदल्याचा आणि न्यायाचा प्रश्न याला लागूनच येतो. अकरा महिन्यांचा करार, मध्ये एका दिवसाचा खंड, तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या तुलनेत तुटपुंजे मानधन आणि तेही उशिरा, ही स्थिती कितीही श्वसनाचे व्यायाम केले तरी बदलत नाही. त्यावर एकट्याने उपाय नाही. संघटनेतून, एकत्रित निवेदनातूनच काही घडते. एकट्याच्या हातात असते ते एवढेच, की या असंतोषाला स्वतःच्या मनाचा कमकुवतपणा समजू नये. खासगी व्यवसायात ऐनवेळी रद्द होणाऱ्या भेटी आणि शुल्कावरून होणारी घासाघीस यांसाठी मात्र लेखी नियम करता येतो, आणि तो पहिल्याच भेटीत सांगितला तर फारसे कोणी वाईट वाटून घेत नाही.

ऐकलेल्या दुःखाचा परिणाम

भार हलका असूनही काही जण खचतात. दिवसाला चारच भेटी असतात, पण त्या बाललैंगिक अत्याचाराच्या किंवा कौटुंबिक हिंसेच्या असतात. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये करुणेतून येणाऱ्या थकव्याची मांडणी केली ती अशांसाठी. तो बर्नआउटहून वेगळा ओळखता येतो: ऐकलेली दृश्ये झोपेत दिसतात, स्वतःच्या मुलीला शेजारी खेळायला पाठवताना छातीत धडधडते, एखाद्या विशिष्ट रुग्णाची वेळ जवळ आली की डोके दुखू लागते. बर्नआउट महिनोन्‌महिने साचत जातो. हा परिणाम एखाद्याच भेटीनंतरही सुरू होऊ शकतो. येथे केवळ रुग्णसंख्या कमी करून भागत नाही. आघाताच्या कामाचे प्रमाण आठवड्यात मर्यादित ठेवणे आणि ऐकलेले ज्येष्ठापुढे नियमितपणे बोलणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

याच प्रकारातील सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे आपल्या रुग्णाची आत्महत्या. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणांत ५१ टक्के मनोविकारतज्ज्ञांनी आणि २२ टक्के मानसशास्त्रज्ञांनी असा अनुभव आल्याचे सांगितले होते. म्हणजे या व्यवसायात ही दुर्मीळ घटना नव्हे, तरीही आपल्या प्रशिक्षणात तिच्यासाठी तासभरही राखलेला नसतो. अशा वेळी त्याच दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन करावा आणि तो दिवस एकट्याने काढू नये. केस पेपरमधील पूर्वीच्या नोंदींत काहीही भर घालू नये किंवा खाडाखोड करू नये. नवी माहिती त्या दिवसाच्या तारखेने स्वतंत्र लिहावी. कुटुंबीय भेटायला आले तर भेटावे, त्यांचा राग ऐकून घ्यावा, परंतु रुग्णाने विश्वासाने सांगितलेले उघड करू नये. पुढील आठवड्यात तीव्र जोखमीचे नवे रुग्ण शक्यतो सहकाऱ्याकडे द्यावेत. ‘काय चुकले’ ही चर्चा महिनाभराने, शांतपणे आणि ज्येष्ठांच्या उपस्थितीत व्हावी. दुसऱ्याच दिवशी भरलेल्या बैठकीतून दोषारोपाखेरीज काही निघत नाही.

सुपरव्हिजन नसेल तर गट उभा करावा

मानसिक आरोग्य क्षेत्रातील बर्नआउटवरील ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र भावनिक थकवा सरासरी ४० टक्के, अलिप्तता २२ टक्के आणि कर्तृत्वाची भावना खालावणे १९ टक्के व्यावसायिकांत आढळले. संरक्षण देणाऱ्या घटकांत भूमिकेची स्पष्टता, व्यावसायिक स्वायत्तता, न्याय्य वागणूक आणि नियमित सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी सहकाऱ्याशी ठरवून केलेली चर्चा, यांचा उल्लेख आहे. पहिले तीन वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असतात. चौथा आपण स्वतः उभा करू शकतो.

चार ते सहा जण पुरेत. सगळे एकाच संस्थेतील नसावेत, कारण मग संस्थेविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही. दर पंधरवड्याला दीड तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. जळगाव, सोलापूर आणि सावंतवाडी येथील माणसे ऑनलाइन एकत्र येऊ शकतात. प्रत्येक वेळी दोघांनी एकेक केस मांडावी, ओळख लपवून, आणि मांडणीची सुरुवात ‘मला या रुग्णाबरोबर काय होते’ येथून करावी. पहिली वीस मिनिटे इतरांनी सल्ला देऊ नये, केवळ प्रश्न विचारावेत. हा नियम पाळणे समुपदेशकांनाच सर्वांत कठीण जाते. महिन्यातून एकदा अनुभवी तज्ज्ञाला शुल्क देऊन बोलवावे. ते सर्वांनी वाटून घेतले तर फार पडत नाही, आणि शुल्क दिले म्हणजे वेळ पाळली जाते. हा गट गाऱ्हाण्यांचा अड्डा होत असल्याचे दिसले, तर शेवटची पंधरा मिनिटे त्यासाठी राखून बाकीचा वेळ कामाला द्यावा.

मूल्यांचा पेच

पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला पाच मिनिटांत रुग्ण उरकावा लागतो, तेव्हा त्याला केवळ घाई होत नाही, आपण फसवणूक करत आहोत असे वाटू लागते. मुलाने काय सांगितले ते कळवा, असे मुख्याध्यापक म्हणतात. कोणता कर्मचारी समुपदेशनाला येतो, असे कंपनीचा मनुष्यबळ विभाग विचारतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि नकार देताना त्याचा लेखी आधार घेता येतो. कायद्याचे कलम दाखवणारा माणूस आडमुठा ठरत नाही, हा त्याचा व्यावहारिक लाभ. पाच मिनिटांच्या भेटीवर असा इलाज नाही. तेथे प्रत्येक दिवशी निदान एका रुग्णाला पूर्ण वेळ देण्याचा नियम करावा; त्याने रांग लांबते हे मान्य, पण आपले कौशल्य जिवंत राहते.

केव्हा थांबावे

रुग्णाच्या जोखमीचा (आत्महत्येच्या विचारांचा) प्रश्न विचारायचा राहून जाऊ लागला, औषधाच्या मात्रेत दोनदा चूक झाली, सेशनमध्ये डोळा लागला, झोपेची गोळी किंवा मद्य रोजचे झाले, तर वही, गट आणि टिपण बाजूला ठेवून रुग्णांसमोरील काम त्याच आठवड्यात कमी करावे. स्वतःसाठी थेरपिस्ट शोधताना जिल्ह्याबाहेरचा निवडावा, कारण लहान शहरात परिषदेत, बोर्डात, लग्नात तीच माणसे भेटतात आणि मग बोलणे अडते. रजेवर जाण्यापूर्वी रुग्णांची यादी तीन भागांत करावी: ज्यांना आठवड्याच्या आत कोणीतरी भेटलेच पाहिजे, ज्यांना फोन पुरेल आणि जे थांबू शकतात. पहिल्या भागातील प्रत्येकाला स्वतः सांगावे, पुढील भेट कोणाकडे आणि कधी, आणि शक्य असेल तर त्या सहकाऱ्याशी समोरासमोर ओळख करून द्यावी.

कामात बदल केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे नोंद ठेवावी. ‘तीन’ अंकाच्या नोंदी घटल्या असतील, तर केलेला बदल टिकवावा आणि पुढच्या क्षेत्राकडे वळावे. त्या तशाच असतील आणि त्यांपुढच्या ‘कोणाच्या निर्णयाने’ या रकान्यात सतत दुसऱ्याचेच नाव असेल, तर प्रश्न नोकरीचा आहे. अशा वेळी राजीनाम्याआधी दुसऱ्या ठिकाणी चौकशी करताना रुग्णसंख्या, सुपरव्हिजन, अहवालांना लागणारा वेळ आणि कराराची मुदत हे चार प्रश्न लेखी विचारावेत, आणि पगाराचा प्रश्न त्यानंतर.